धुराडं साफ केल्याच्या सह्या

बसू नका, उभेच राहा. आणि स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीनं टांगलेली ती वही इकडे द्या. मीच वाचते. ‘शनिवार. चूल व धुराडे साफ केले.’ खाली सही. पुढचा शनिवार: ‘वरीलप्रमाणे.’ सही. त्याच्या पुढच्या शनिवारी तेवढेही कष्ट नाहीत, नुसती दोन टिंबं आणि सही. आणि शेवटच्या पानावर येत्या शनिवारची सहीसुद्धा आधीच ठोकून ठेवली आहे! गटप्रमुख, तुम्हाला भविष्य दिसतं म्हणायचं. मला आज सकाळी साधं आभाळ दिसलं नाही. धुराड्याच्या तळाचं झाकण काढून मी आत आरसा धरायला गेले. धुराडं साफ असलं की आरशात वरच्या तोंडाचं उजेडाचं वाटोळं दिसतं. इथं झाकण काढल्याबरोबर घमेलंभर काजळी माझ्या पायावर आली आणि आरशात दिसला तो मिट्ट काळोख.

दात काढू नका. माझे पाय धुतले की निघाले. त्या काजळीनं ज्या धुराची वाट अडवली तो गेला कुठं, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का? तो स्वयंपाकाच्या मावशींच्या डोळ्यांत आणि छातीत गेला. रोज, दोन्ही वेळा, तुमच्या भाकऱ्या थापल्या जात असताना.

काय म्हणालास? भिंतीला चुना लावला? बघितला मी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! चुलीच्या तोंडातून धूर बाहेर येतो म्हणून भिंत काळी होते, आणि तुम्ही भिंत पांढरी करून हात झटकून मोकळे. पंधरवड्यात ती पुन्हा काळी झाली की पुन्हा चुना. तक्रारपेटीत मात्र चिठ्ठ्या येतात की दूध धुरकट लागतं आणि आंघोळीचं पाणी कोमट असतं. चिठ्ठीवरचं अक्षर आणि वहीतली सही मी ताडून पाहिली आहे. नावं घेत नाही. ज्याचं त्याला कळलंय, माना खाली गेल्या आहेत.

आता वर बघा आणि सांगा, धुराडं काय करतं? ‘धूर बाहेर टाकतं.’ कसं टाकतं? पंखा आहे आत? नाही. मग? दहावीला घनता शिकलात ना, ती परीक्षेपुरतीच का? साध्या तापमानाच्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो. तीच हवा २०० अंश सेल्सिअसला तापली की पाऊण किलोच्या आसपास. धुराड्यातला गरम वायू हलका, बाहेरची गार हवा जड. ती जड हवा चुलीच्या तोंडातून आत घुसते आणि हलक्याला वर ढकलते. धुराड्याची ओढ म्हणतात ती एवढीच. आपलं धुराडं ४ मीटर उंच. गणित करा. या ओढीचा दाब पाण्याच्या भाषेत मांडला तर २ मिलिमीटर उंचीचाही स्तंभ तोलून धरणार नाही. नखाच्या जाडीएवढ्या पाण्याच्या जोरावर अख्खं स्वयंपाकघर श्वास घेतंय, आणि त्यात तुम्ही काजळीचे बोळे भरून ठेवले आहेत.

थांबा, वाटतं तितकी ही गोष्ट लहान नाही. नळी आतून २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्रिज्या १०. वर्ग १००. आतून सगळीकडे २ सेंटिमीटरचा थर बसला की त्रिज्या ८, वर्ग ६४. छत्तीस टक्के वाट गेली. कोपराच्या वळणावर मी बोट घालून पाहिलं, तिथं थर ३ सेंटिमीटरचा आहे. सातचा वर्ग किती? एकोणपन्नास. निम्म्याहून जास्त वाट बंद! शिवाय काजळीचा पृष्ठभाग खरबरीत, त्यामुळे घर्षण वाढलेलं, ते वेगळंच. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला तुम्ही वहीची पानं भरता. ते सूत्र स्वयंपाकघरात उभं असताना तुम्हाला ओळखू आलं नाही.

काजळी इतकी येते कुठून, याचं उत्तर गोठ्यामागे आहे. सरपणाच्या शेडवरचे दोन पत्रे उन्हाळ्यापासून सरकलेले आहेत. शेतकी शिकणारी पोरं तुम्ही, रोज तिथून वैरण नेता, कुणाला ते पत्रे दिसू नयेत? ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. त्यात पावसानं भिजलेली सुबाभूळ. असं १० किलो लाकूड चुलीत घातलंत की ५ लिटर पाणीही चुलीत ओतलंत. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात साधं ७ लिटर पाणी उकळीला येतं. पाच साते पस्तीस. कोमट पाण्याच्या चिठ्ठीचं उत्तर मिळालं? पाणी तापवायची उष्णता लाकूड वाळवण्यात गेली. आणि लाकूड धड जळलं नाही की त्यातलं डांबर धुरातून वर जातं, गार नळीला लागून घट्ट होतं. झाडलं की पडते ती काजळी परवडली. हा काळा, चकचकीत, डिंकासारखा थर एकदा धरला की ब्रशला दाद देत नाही.

वर पेटवण्याची घाई. सायकलच्या ट्यूबचे तुकडे मला राखेत सापडले आहेत. रंग दिलेल्या फळ्याही. ज्यानं कुणी ही अक्कल लढवली त्यानं तो धूर स्वतः ओढून बघावा. मावशींनी तुम्हाला करवंटी आणि वाळक्या काटक्या ठेवून दिल्या होत्या. पण काटक्या मोडायला दोन मिनिटं लागतात ना!

तो डांबराचा थर पेट घेतो, हे ठाऊक आहे कुणाला? एखाद्या दिवशी चूल जरा जास्त फुलते, ज्वाळा नळीत शिरते आणि धुराडं आतून जळायला लागतं. भरारा आवाज येतो, पत्रा लालभडक होतो. आपल्या छपराचे वासे नळीपासून वीतभर लांब. तशी वेळ आली तर वरून पाण्याची बादली ओतायला धावू नका. तापलेली नळी तडकते आणि वाफ अंगावर येते. चुलीचं तोंड पत्र्यानं झाकायचं, हवा तोडायची, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. ही वेळ येऊच नये यासाठी ती शनिवारची पाळी आहे.

‘बाई, ती चूलच बेकार आहे, सरकारी आहे.’ कोण म्हणालं? पुढे ये. ही चूल बेकार ठरवायला तू आयुष्यात किती वेळा चुलीपुढे बसलास? बिनधुराच्या चुलीसाठी या देशात शहाण्या माणसांनी आयुष्यं घातली आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाची माणसं मगन चूल घडवत होती. हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धुराड्याची चूल तयार केली, ती बांधायची कशी हे पुस्तिका लिहून सांगितलं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं साच्यातून सुधारित चुली काढायला कारागिरांना शिकवलं. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारनं राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ पर्यंत चालला, आणि त्यात देशभर ३ कोटींहून अधिक चुली बसल्या. मग त्या गेल्या कुठं? गावोगाव विचारा. धुराडं चोंदलं, माती तडकली, कुणी हात लावला नाही, चूल फोडली आणि पुन्हा तीन दगड मांडले.

अंदाजपंचे बोलत नाही मी. ओडिशातल्या खेड्यांत धुराड्याच्या मातीच्या चुली वाटल्या गेल्या आणि रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षं घरोघरी पाठपुरावा केला. यांतल्या डुफ्लोबाईंना २०१९ चं नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या, मोठ्या कामासाठी. त्यांना काय दिसलं? पहिल्या वर्षी घरच्या मुख्य स्वयंपाकिणीच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक उरलाच नाही. फुप्फुसं होती तशीच, जळणही तेवढंच. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, डागडुजी झाली नाही, हळूहळू लोकांनी त्या सोडून दिल्या. प्रयोगशाळेत उत्तम चाललेली चूल घरात हरली ती या कारणानं. आपल्या चुलीचं उद्घाटन झालं तेव्हा नारळ फोडायला, फोटोत उभं राहायला तुम्ही पुढे होतात. बांधणाऱ्याला शाल-श्रीफळ मिळालं. बोळा घालून नळी पुसणाऱ्याला कुणी शाल देत नाही, म्हणून ते काम तुमच्या लेखी कामच नाही.

गॅसचं नंतर बोलू. गॅस आहे, चहापुरता आहे, दोन वेळचा स्वयंपाक आणि सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्यावर होण्याइतका पैसा वसतिगृहाकडे नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो येईल तेव्हा मी पहिली पेढे वाटेन. तोवर ही चूल आहे आणि ही पाळी आहे.

आणि ‘ते मावशींचं काम आहे’ हे वाक्य या वर्गात मला पुन्हा ऐकू येता कामा नये. राख काढणं, पोतेरं फिरवणं त्या पहाटे करतातच. धुराडं तुमचं ठरलं होतं. पाळी तुमची, नाव तुमचं, सही तुमची. त्या बोलल्या नाहीत, कारण बोललं की नोकरी जाते असं त्यांना वाटतं. त्यांनी काय केलं ते बघितलंत का? मागच्या वैलावर भांडं ठेवणं बंद केलं, कारण तिथून धूर जास्त यायचा. म्हणजे धुराड्याकडे जाताजाता आमटी गरम ठेवणारी फुकटची आच गेली, आणि आमटीसाठी पुढचा जाळ वाढला. पावसाची झड आत येत असताना दार उघडं टाकून त्या भाकऱ्या करतात. ते दार त्या उघडं ठेवतात म्हणून निभावलं आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, तो निदान ओरडून सांगतो. त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोरानं चिकटतो. मावशींचं डोकं दुपारी ठणकतं ते उन्हानं असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

काजळीला हात लावायची किळस येते? किळस नको, धास्ती हवी. इंग्लंडमध्ये अरुंद धुराड्यांत पाच-सहा वर्षांची पोरं चढवायचे, अंगानंच नळी घासून काढायला. १७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की या मुलांना मोठेपणी जडणाऱ्या एका कर्करोगाचं मूळ या काजळीत आहे. एखाद्या धंद्यामुळे होणारा कर्करोग असा नेमका दाखवून दिला गेला तो बहुधा पहिल्यांदाच. तरीही मुलांना चढवणं खऱ्या अर्थानं थांबायला १८७५ चा कायदा यावा लागला, म्हणजे शंभर वर्षं. म्हणून लांब बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला फडकं, आणि काम झालं की साबणानं आंघोळ. मग जेवण. तसेच ताटावर बसलात तर उठवीन.

आता काम कसं करायचं ते ऐका. सांगितलं नव्हतं असं पुढच्या खेपेला म्हणायची सोय ठेवत नाही.

चूल रात्रभर गार झालेली हवी. आधी तिची सगळी तोंडं ओल्या गोणपाटानं झाकायची, नाहीतर पीठ-मिठापर्यंत काजळी उडेल. मग वरची टोपी काढायची. ती पाऊस अडवते तशी काजळीही धरते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चूल बंद राहिली की त्या टोपीखाली साळुंक्या काड्या भरतात. सुट्टीनंतर न बघता चूल पेटवणं हा गाढवपणा गेल्या वर्षी झालाच आहे. ब्रशला दोन बाजूंनी दोर, खालच्या दोराला वजन. वरून एक सोडतो, खालून एक ओढतो, वर-खाली, ब्रश मोकळा फिरेपर्यंत. नुसता एकदा वरून खाली टाकला म्हणजे साफ झालं नाही. मग तळाचं झाकण उघडून सगळं उपसायचं. आणि कोपर! सगळे कोपर विसरतात. काजळी तिथंच दबा धरून बसते. तिथं हात घालावा लागतो. चुलाणाकडून वैलाकडे जाणारं भुयारही कुंच्यानं झाडायचं, तिथं उडालेली राख साठून धुराची वाट तळापासून वर चढत जाते. शेवटी आरसा. वाटोळं पूर्ण गोल दिसलं पाहिजे, चंद्रकोर चालणार नाही.

एक जपायचं. तुमच्यापैकी ज्यांच्या गावी जुन्या सरकारी चुली आहेत, तिथं धुराड्याला सिमेंटच्या करड्या नळ्या असतात. त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. तारेचा ब्रश घालून त्या खरवडायला जाल तर काजळीपेक्षा वाईट धूळ छातीत घ्याल. त्या फोडायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. पत्र्याची नळी घालायला सांगा घरच्यांना.

राख. जाळीखाली राख साचली की हवा खालून येत नाही आणि तुम्ही फुंकणी घेऊन गाल फुगवत बसता. रोज काढायची. पण काढून ठेवायची कुठं? परवा कुणीतरी ती खताच्या प्लास्टिकच्या गोणीत भरून सरपणाला टेकवून ठेवली होती. अरे, काडेपेटीचे पैसे वाचवायला तुमची पणजी रात्री निखारा राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी तो जिवंत निघायचा! राख विस्तव विझवत नाही, जपते. लोखंडी डबा, घट्ट झाकण, भिंतीपासून आणि लाकडापासून लांब, आणि निदान दोन दिवस तसाच. मग ती भाजीच्या वाफ्यात घाला, भांडी घासा, काय हवं ते करा.

भेगांचं पुढच्या आठवड्यावर टाकायचं नाही. चुलाणाच्या पोटाला आडवी भेग गेली आहे, नळी चुलीत शिरते तिथंही फट आहे. त्या फटीतून गार हवा आत ओढली जाते, नळीतला धूर थंडावतो, ओढ कमी होते. आत्ताच शिकवलेली घनता पुन्हा एकदा. पोयट्याची माती चाळून घ्या, त्यात शेण, भाताचं तूस आणि थोडी राख, दोन दिवस भिजवून तुडवा. भेग आधी ओली करा, मग दाबून भरा. सिमेंट लावू नका, चुलीच्या आचेला ते टिकत नाही, पोपडे धरतं. आणि लिंपण झालं की लगेच जाळ नको. सावलीत वाळू द्या, मग काटक्यांचा बारीक विस्तव.

हो, आणि पावसाळी सकाळी पहिला धूर तोंडावर येतो अशी तुमची तक्रार होती. ती रास्त आहे. नळीत रात्रभर गार, जड हवा बसलेली असते, साफ धुराड्यातसुद्धा. तळाचं झाकण उघडून कागदाचा एक बोळा तिथं पेटवायचा, नळी कोमट झाली की झाकण लावून मग चूल पेटवायची. अर्ध्या मिनिटाचं काम. न्हाणीघरातला तांब्याचा बंबही याच नियमानं चालतो, त्याच्या मधल्या नळीची अवस्था मी अजून पाहिलेली नाही. पाहीन, तेव्हा तीही झळकत असू द्या.

तर उद्या चूल पेटणार नाही. मावशींना मी दोन दिवस सुट्टी दिली आहे, पगारी. छपरावर चढणारा एकच, कमरेला दोर बांधून. शिडी धरायला दोघं. कौलं ओली असली तर कुणीही चढायचं नाही, मी उभी राहून बघणार आहे. एका गटानं शेडचे पत्रे बसवायचे, वाळलेलं लाकूड डाव्या हाताला आणि ओलं उजव्या हाताला रचायचं. दुसऱ्या गटानं माती भिजवायची. लिंपण वाळेपर्यंत स्वयंपाक अंगणात, तीन दगडांवर, तुम्हीच करायचा. ओल्या सुबाभळीवर, जी तुम्हीच भिजवलीत. पीठ मळायला कोण बसणार आहे? हात वर करा. दोनच? चला, मग मीच नेमते.